सात ते धा

काहीही न करता तीन तास एका जागी बसून राहणं ही जगातली सर्वांत अवघड कला आहे, आणि ती पुरती साधलेला एकच माणूस मी आजवर पाहिला आहे. त्यासाठी मला हिमालयात जावं लागलं नाही. लोणावळ्याला गाडीत बसलो, मळवलीला उतरलो आणि भाताच्या खाचरांमधून वीस मिनिटं चाललो, एवढंच. तिथे एका जुन्या बैठ्या बंगल्याची राखण करणारे आबा आहेत. गाव त्यांना 'बंगल्यावरचे आबा' म्हणतं, मीही तेच म्हणतो. वय विचारलं तर 'सत्तरीला टेकलोय' असं निदान तीन वर्षं मी ऐकतो आहे. एकदा टेकले की आबा सहजासहजी उठत नाहीत, हे मला पुढे कळलं.

ओळख झाली ती एका क्रियापदापायी. निवृत्त झाल्यावर कादंबरी लिहायची, असं मी नोकरीला लागलो त्याच दिवशी ठरवलं होतं. निवृत्त झालो आणि लक्षात आलं की लोणावळ्यातल्या आमच्या घरात लिहिणं अशक्य आहे. शनिवार-रविवार भुशी धरणाकडे निघालेल्या गाड्यांचे भोंगे, आणि उरलेले पाच दिवस बायकोने साठवून ठेवलेली कामं. 'तुम्हाला जागा नकोय, निमित्त हवंय,' असं बायको म्हणाली. ती खरं बोलली की मला फार राग येतो, म्हणून मी त्याच आठवड्यात जागा शोधायला बाहेर पडलो. मळवलीला एक शांत बंगला वर्षभर रिकामाच असतो असं कुणीतरी सांगितलं होतं. फाटकाशी एक म्हातारे गृहस्थ मेंदीचं कुंपण छाटत होते. मी अदबीने विचारलं, "आबा, इथे बसायला जागा मिळेल का?"

त्यांनी कात्री खाली ठेवली आणि मला आपादमस्तक न्याहाळलं. "हितं बसत न्हाईत," ते म्हणाले. "तुमी शिकल्या-सवरल्यावानी दिसताय. सकाळचं साडेधा वाजल्यात. घरी मान्सं हाईत का तुमच्या?"

आमच्या मावळात शनिवार-रविवारी 'बसणे' या क्रियापदाला एकच अर्थ उरतो, आणि त्यात बाटली, बर्फ आणि खारे शेंगदाणे अनुस्यूत असतात, हे मी विसरलो होतो. आठवड्याला दहा गाड्या त्या फाटकाशी थांबून हाच प्रश्न विचारत असत. मी घाईघाईने म्हटलं, "तसं नाही हो, लिहायला बसायचंय!" तसा आबांचा चेहरा एकदम पालटला. त्यांनी हात धोतराला पुसले आणि नोकरीवर रुजू करून घेतात तशा आवाजात सांगितलं, "मंग सात वाजता यायचं. धा ला उटायचं. मधी उटायचं न्हाई, बोलायचं न्हाई. जमंल?" मी जमेल म्हणालो. आयुष्यात मी जितक्या थापा मारल्या त्यांत ही अजाणता मारलेली सर्वांत मोठी होती.

या वेळापत्रकामागे एक बाई होत्या. बंगला त्यांचा. कॉलेजातून निवृत्त होऊन त्या मळवलीला येऊन राहिल्या आणि लोहगडाकडे तोंड करून एक टेबल मांडून पुस्तक लिहू लागल्या. रोज सात ते दहा. सुचो, न सुचो. आबा त्या वेळात बाहेर झाडांना पाणी घालत आणि बाईंना त्रास नको म्हणून पंपसुद्धा बंद ठेवून विहिरीवरून बादल्या आणत. सहा वर्षांपूर्वी बाई आजारी पडल्या आणि त्यांचा मुलगा त्यांना पुण्याला घेऊन गेला. गाडीत बसताना बाईंनी काच खाली केली आणि म्हणाल्या, "आबा, मी येईपर्यंत बैठक मोडू देऊ नका हं."

आबा 'व्हय' म्हणाले. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता, धुतलेला सदरा घालून, टेबलाशी जाऊन बसले. बाईंची बैठक मोडता कामा नये, बाई तर इथे नाहीत, म्हणजे कुणीतरी बसायला हवं, आणि घरात दुसरं कोण आहे? इतका सरळ हिशेब होता. तेव्हापासून आजतागायत एकही दिवस खाडा नाही.

मात्र आबा बाईंच्या खुर्चीवर कधी बसले नाहीत. स्वतःच्या घरून त्यांनी एक लाकडी स्टूल आणलं आणि ते खुर्चीच्या डाव्या बाजूला ठेवलं. 'खुर्ची बाईंची, राखन माजी.' मी पहिल्या दिवशी अनवधानाने त्या खुर्चीवर बूड टेकवलं, तर आबा बोलले नाहीत, कारण बोलायचं नव्हतं. पण असे खाकरले की मी भिंतीशी पसरलेल्या गोणपाटावर कधी जाऊन बसलो ते माझं मलाच कळलं नाही. तीच पुढे माझी जागा ठरली. मोबाइल बाहेर ओट्यावर पालथ्या बादलीखाली ठेवायचा. आबांचा स्वतःचा फोनही तिथेच. बादलीखाली फोन वाजला की बंगल्यातला कुत्रा बादलीभोवती भुंकत फिरे आणि आत मी कासावीस होई. आबांची पापणी हलत नसे. बाई होत्या तोवर त्यांचा फोन मात्र बरोब्बर दहा वाजता येत असे, असं आबा सांगत. बाई विचारायच्या, "बैठक मोडली नाही ना आबा?" आबा सांगायचे, "न्हाई बाई." एवढंच बोलणं, रोज, दीड वर्ष. मग बाई पुण्यातच गेल्या. आबांनी ही गोष्ट मला एकदाच सांगितली आणि लगेच कुंपण छाटायला गेले.

बाई गेल्या म्हणजे 'मी येईपर्यंत' ही मुदतही संपली, असं मी एकदा दहा वाजल्यानंतर सुचवून पाहिलं होतं. आबा म्हणाले, "न्हाई आल्या तर काय करायचं, ते कुटं सांगितलंय त्यांनी?" यावर कायद्याचं बोलावं असं माझ्या जिभेवर आलं होतं, पण समोरचा माणूस इतका निर्धास्त होता की मी चहा प्यायलो.

माझी कादंबरी या काळात कशी चालली होती हे सांगण्यासारखं नाही. मी एक ओळ लिहायचो, खोडायचो, पुन्हा लिहायचो. एकदा उठल्यावर आबांपाशी रडगाणं गायलो की काही सुचतच नाही. ते म्हणाले, "सुचनं आपल्या हातात न्हाई, बसनं हाय. हातातलं करा." आणि थोड्या वेळाने, "रोप लावल्यावर रोज उपटून बगतो का आपुन, मूळ धरलं का म्हनून? तुमी लय उपटता." मी घरी येऊन हे बायकोला मोठ्या कौतुकाने सांगितलं. ती म्हणाली, "मी तीस वर्षं हेच सांगतेय, पण मी धोतर नेसत नाही ना."

आबा स्वतः पहिले सहा महिने नुसते बसत. मग त्यांना वाटलं की लिहिण्याच्या टेबलाशी नुसतं बसणं हा टेबलाचा अपमान आहे. शिक्षण चौथीपर्यंतचं. त्यांनी एक जाड वही आणली आणि रोज तारीख घालून एक ओळ लिहायला सुरुवात केली. एक म्हणजे एकच. बाकीचा वेळ ती ओळ कोणती हे ठरवण्यात जाई. मला त्यांनी वही दाखवली तेव्हा मी पेन्सिल काढून शुद्धलेखन सुधारू लागलो, ही माझी जुनी खोड. चार ओळींनंतर पेन्सिल खिशात ठेवली. 'आज माकडं आली. मी उटलो न्हाई. माकडं गेली.' 'आज मंडळीचा राग आलता. धा वाजता कशाचा ते आटवंना.' 'आज काय न्हाई. काय न्हाई हे बी रोज मिळत न्हाई.' मी माझ्या कादंबरीची तेव्हापर्यंत झालेली बावीस पानं आठवली आणि मला बरं वाटेना.

आबांच्या बैठकीची कीर्ती पसरली ती मात्र भलतीकडे. गावात कुणीही सहज बोलून जाई, 'आबा देवमानूस, पन सकाळी सात ते धा बसत्यात.' आबांच्या नातीला पवन मावळातून स्थळ आलं तेव्हा मुलाकडच्यांनी रिवाजाप्रमाणे गावात चौकशी केली आणि त्यांना हेच वाक्य ऐकायला मिळालं. मुलाचे वडील हादरले. रोज सकाळी, तेही तीन तास! शहानिशा करायला ते एका गुरुवारी साडेसातलाच बंगल्यावर थडकले. बाहेर आबांची बायको, म्हणजे सगळ्यांची मावशी, भांडी घासत होती. पाहुण्यांनी विचारलं, "आबा कुटं हाईत?" मावशी आपल्या तंद्रीत म्हणाली, "आत बसल्यात." पाहुणे तडक आत शिरले. आत धुतलेल्या सदऱ्यातले आबा स्टुलावर ताठ बसलेले, समोर वही, भिंतीशी गोणपाटावर मी. ग्लास नाही, वास नाही. आबांनी पाहुण्यांना हात जोडले आणि दुसऱ्या गोणपाटाकडे बोट दाखवलं. होणाऱ्या व्याह्याशीही दहापर्यंत बोलायचं नव्हतं! पाहुणे बसले. आधी चुळबुळले, मग घोरले, मग जागे होऊन लोहगडाकडे बघत राहिले. दहा वाजता आबा 'रामराम' म्हणाले, तसे ते गृहस्थ म्हणाले, "माजा बा गेल्यापास्नं इतका निवांत बसलो नव्हतो. पोरगी पसंत हाय."

कुरवंड्याच्या बाजूला हल्ली शहरी लोकांना मनःशांती शिकवणारं एक शिबिर भरतं. तिथल्या शिक्षिकाबाई आठ-दहा माणसं घेऊन एकदा आबांना बघायला आल्या. त्यांनी विचारलं, "आबा, आपण विपश्यना करता का?" आबा म्हणाले, "न्हाई, राखन करतो." "पण बसल्यावर मनात विचार येतात त्यांचं काय करता?" आबा म्हणाले, "मळवलीवरनं गाड्या किती जात्यात! पन फास्ट गाडी हितं थांबत न्हाई. आपुन हात करायचा न्हाई, मंग ती आपसूक जाती." शिबिराच्या मंडळींनी हे वहीत टिपून घेतलं. ते गेल्यावर आबांनी मला हळूच विचारलं, "त्यास्नी खरंच बसायला शिकवायला मानूस लागतो?"

गेल्या दिवाळीनंतर बाईंच्या मुलाने बंगला शनिवार-रविवारसाठी भाड्याने द्यायचं ठरवलं. यात त्याचं काही चुकत होतं असं नाही. रिकामं घर पडतं. ज्या खोलीत टेबल होतं तिथे पाहुण्यांसाठी कॅरम आणि मोठा टीव्ही येणार होता, आणि टेबल पुण्याला जाणार होतं. मी हे ऐकल्यावर न विचारता मध्ये पडलो आणि मुलाला फोन करून बैठकीची सगळी हकिगत सांगितली. तो म्हणाला, "अहो, आई मांडणीबद्दल बोलत होती. टेबल, खुर्ची, कागदांचे गठ्ठे. बैठक मोडू नका म्हणजे सामान हलवू नका! हा माणूस पाच-सहा वर्षं काय करतोय?" तो हसेल असं मला वाटलं होतं. तो हसला नाही. आबांवर त्याचा जुना राग होता, कशाचा ते त्याने सांगितलं नाही.

मी फोन ठेवला. आबांना सांगायचं की नाही? दोन हजारांवर सकाळी एका चुकीच्या अर्थावर बसून काढल्या, हे सत्तरीला टेकलेल्या माणसाला कोणत्या तोंडाने सांगायचं? मी सांगितलं नाही. मित्र म्हणून लपवलं की भित्रा म्हणून, ते अजून ठरवलेलं नाही.

टेम्पो आला तो मंगळवारी, सकाळी आठ वाजता. मी गोणपाटावर होतो. दोन हमाल दारात आले, आबांनी त्यांना हात जोडले आणि भिंतीकडे बोट दाखवलं. ते आधी बावरले, मग चपला काढून बसले. साडेआठला मुलगा गाडीने आला आणि दारातच थबकला. स्टुलावर आबा, भिंतीशी ओळीने आम्ही तिघं, कुणी बोलत नाही. त्याचा पारा चढला. "आबा, उठा आता! आईला टेबल हलवू नका एवढंच म्हणायचं होतं. बसायला कुणी सांगितलं होतं तुम्हाला? आणि आई गेली त्या दिवशी तुम्हाला सकाळी साडेसातपासून फोन करत होतो. तुम्ही उचलला नाहीत. दुपारी आलात, सगळं आटोपल्यावर!"

आबांनी मान वर करून मुलाकडे पाहिलं. भिंतीवरच्या घड्याळात आठ पस्तीस झाले होते. त्यांनी हळूच वही उचलली, मागची पानं चाळली, एक पान उघडलं आणि वही टेबलावर बाईंच्या खुर्चीसमोर ठेवली. मग हाताने ती खुर्ची मागे ओढून दिली. त्या खुर्चीवर बस असं आबांनी कुणाला सांगितलेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

मुलगा उभ्यानेच वाचायला वाकला आणि मग बसला. त्याने ते पान वाचलं, मग मागचं, मग पुढचं, मग वही पहिल्यापासून घेतली. हमालांपैकी एकाने तंबाखू मळायला घेतली आणि पुन्हा पुडीत ठेवली. दीड तास आम्ही पाच माणसं तिथे बसलो होतो, आणि मला खात्री आहे की त्या टेबलाशी इतकी मोठी बैठक बाईंच्या वेळीही झाली नसेल.

दहा वाजले. आबांनी चष्मा काढला, पुसला, आणि म्हणाले, "ठावं हाय मला, सायब. तिसऱ्याच दिशी बाई फोनवर म्हनल्या, 'पुसताना टेबल हलवत नाही ना?' तवाच समजलं, आपला अर्थ चुकला. पन दोन दिस बसलो हुतो न्हवं? बैठक झालती. ती मोडायची कशी?"

"आईला सांगितलंत कधी?" मुलाने विचारलं.

"न्हाई. त्या रोज इचारायच्या, मी रोज न्हाई मोडली म्हनायचो. दोगांचंबी खरं हुतं." मग आबा उठले. पहिल्यांदाच मला ते थकलेले वाटले. "आता उचला," ते हमालांना म्हणाले, आणि टेबलाचा एक पाय त्यांनी स्वतः धरला.

उघडं राहिलेलं पान मी नंतर पाहिलं. वर तारीख होती आणि खाली, एक ओळ या नियमात बसवलेलं, 'आज बादलीखाली फोन लय वाजला. मी उटलो न्हाई. बाई गेल्या त्या येळी मी त्यांच्या टेबलाशी हुतो.'

निघताना मुलाने विचारलं, "आबा, ही वही मी नेऊ?" आबा म्हणाले, "न्या. पन कोरी आनून द्या एक. उद्या सात वाजायच्या आत." मुलगा हमालांना थांबवून तसाच स्टेशनकडे गेला आणि दुकानातून दोनशे पानी वही घेऊन आला. एक नाही, चार.

आता बंगल्यावर शनिवार-रविवारी गाणी वाजतात. आबा विहिरीजवळच्या, पंपाच्या मोटारीच्या खोलीत बसतात, स्टुलावर, वही मांडीवर घेऊन. बाईंची खुर्ची मुलाने परत पाठवली; ती त्यांच्या उजव्या बाजूला असते आणि तिच्यावर कुणी बसत नाही. लोहगड तिथून दिसत नाही, भिंत दिसते. मी म्हटलं, "आबा, टेबल गेलं त्याचं वाईट वाटतं का?" ते म्हणाले, "वाटतं की. पन बैठक टेबलाची नसती, बुडाची असती." नव्या वहीच्या पहिल्या पानावर त्यांनी लिहिलंय, 'आज टेबल गेलं. मी हाय.'

माझी कादंबरी बाविसाव्या पानावरच आहे. पण घरी मी आता रोज सातला बसतो. फोन बादलीखाली असतो, आणि बायको ती बादली मुद्दाम कपडे भिजवायला नेत नाही, यातच सगळं आलं. हे जे तुम्ही वाचलंत तेही असंच, रोज थोडं थोडं, न उपटता लिहिलं आहे. महिन्यातून एकदा मात्र मी मळवलीला जातो आणि मोटारीच्या खोलीबाहेर पायरीवर बसतो. दहा वाजता बादलीखालचा फोन वाजतो. कुत्रा भुंकतो. आबा बाहेर येतात, बादली उचलतात, फोन कानाला लावतात. पलीकडून पुण्याचा तो मुलगा एकच प्रश्न विचारतो, मला पायरीपर्यंत ऐकू येतो.

"न्हाई मोडली, सायब," आबा म्हणतात. फोन बंद झाला तरी तो तसाच कानाशी धरून जरा वेळ उभे राहतात. मागच्या खेपेला मी विचारलं, काय झालं म्हणून. आबा फोनकडे बघत म्हणाले, "काय न्हाई. इचारताना आवाज अगदी बाईंच्या वळनावर जातो त्याचा."